प्रोजेक्ट कोऑर्डिनेटरचा वीकेंड क्लास, नौपाडा, ठाणे (डिस्पॅचमधून आलेल्यांनी नक्की वाचा)

सहा वर्षं मी रबाळे एमआयडीसीत इलेक्ट्रिकल पॅनल बनवणाऱ्या कंपनीत डिस्पॅच बघायचे, प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर व्हायचं होतं पण जिथे अप्लाय करावं तिथे एकच, डायरेक्ट अनुभव आहे का? म्हणून हा क्लास लावला. आता ऐरोलीत जॉइन होऊन दोन महिने झाले, तर मनापासून लिहितेय.

आधी खटकलं ते. चौकशीला फोन केला तेव्हा काउन्सेलर मॅडम थेट पीएमपीच करा, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरचं सर्टिफिकेट, म्हणून मागे लागल्या. अहो, पीएमपीला ग्रॅज्युएट माणसालाही प्रोजेक्ट सांभाळल्याचा 36 महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो, तो असता तर मी इथे कशाला आले असते? नवीन माणसासाठी सीएपीएम हे सुरुवातीचं सर्टिफिकेट आहे, त्याला अनुभव लागत नाही, 23 तासांचं ट्रेनिंग झालेलं लागतं आणि परीक्षा 150 प्रश्नांची, तीन तासांची. हे सरांनी पहिल्याच शनिवारी नीट सांगितलं, पण फोनवरच विश्वास ठेवून कुणी फी भरली तर त्याचं काय? हे बदला प्लीज.

सर मात्र खरंच तळमळीने शिकवतात. एकदा वर्गातच वीस मिनिटांची मीटिंग घेतली, क्लायंट, साइट इंजिनियर, परचेस सगळे आमच्यातलेच, आणि मिनिट्स, म्हणजे मीटिंगची नोंद, लिहायला लावले. मी दोन पानं लिहिली, कोण काय बोललं सगळं. सरांनी लाल पेनाने रेघा मारत मारत तीन ओळी ठेवल्या, काम काय, कोण करणार, कुठल्या तारखेपर्यंत. आजही ऑफिसात एमओएम (मिनिट्स ऑफ मीटिंग) मी तसंच पाठवते.

पण माझं खरं काम झालं ते रिझ्युमेच्या दिवशी. माझी जुनी डिस्पॅचची एक्सेल शीट दाखवली, ऑर्डर नंबर, कमिट केलेली तारीख, कुणाकडे अडकलंय, पेंडिंगला पिवळा रंग. सर म्हणाले, अहो मॅडम हा ट्रॅकरच आहे की! मग विचारलं, कधी सगळं फिस्कटलं होतं ते सांगा. मी सांगितलं, पावसात वसईच्या साइटचं पॅनल घेऊन निघालेली गाडी गायमुख घाटात चार तास अडकली होती, तिकडे पॅनल उतरवायला हायड्रा क्रेन तासाच्या भाड्याने यायचा होता आणि फिटर बसून. मी हायड्रावाल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं, सुपरवायझरला सांगून फिटरना तोवर केबल ट्रेच्या कामाला लावलं आणि क्लायंटचा फोन यायच्या आधी आपणच त्यांना कळवलं. सर म्हणाले हेच कोऑर्डिनेशन, रिझ्युमेवरची 'डिस्पॅच सांभाळलं' ही ओळ काढा आणि हे लिहा. ऐरोलीच्या इंटरव्ह्यूत हेच सांगितलं, पुढची पंधरा मिनिटं ते त्या गाडीबद्दलच विचारत होते.

बाकी, प्लेसमेंटच्या भरवशावर राहू नका, मला आलेले कॉल बहुतेक टेलिसेल्सचे होते, जॉब मी स्वतःच शोधला. एमएस प्रोजेक्ट हे सॉफ्टवेअर दोन लेक्चरमध्ये उरकतात, गँट चार्टची (कुठलं काम कधी ते आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता) प्रॅक्टिस घरीच करावी लागली. एक्सेल कच्चं असेल तर आधी ते पक्कं करून या. गाडी आणू नका, पार्किंगचे हाल आहेत, स्टेशनवरून चालत या, तीन मजले जिना आहे. आणि शनिवार दुपारचीच बॅच मागून घ्या, सर तीच घेतात.

पाचपैकी चार स्टार, एक त्या फोनच्या प्रकारासाठी कापलाय.