खारपाणपट्ट्यात लिंबूसत्व आणि धुण्याचा सोडा: दिवाळी ते मृग, वापरानंतरचा अनुभव

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, म्हणजे भर खारपाणपट्ट्यात, जिथं जमिनीखालचं पाणीच खारट. प्यायला शहानूर धरणाचं नळाचं पाणी, बाकी सगळं काम बोअरवर. स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, धुऊन पालथा घातला की वाळेपर्यंत त्यावर पांढरे ठिपके उमटतात. साबण कितीही घासा, फेस नाही, नुसता चिकट साका. पिण्याच्या पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेला चुना वगैरे, भारतीय मानकाप्रमाणे लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आत हवा, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आमच्या बोअरचं पाणी तपासून आणलं तेव्हा आकडा त्याच्याही पुढे निघाला.

दिवाळीच्या साफसफाईला मोबाईलवर येणारे घरगुती नुस्खे एकेक करून बघायला घेतले. आता मृग लागलाय आणि घरात टिकलेत दोनच: लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, आणि धुण्याचा सोडा.

आधी लिंबूसत्वाबद्दल. पांढरा थर म्हणजे मुख्यतः चुना. त्याला आंबटच लागतं. राखेनं किंवा भांड्याच्या साबणानं तेलकटपणा जातो, हा थर हलत नाही. सासूबाई आधी म्हणाल्या, "पांढरं तं माह्या लग्नापासून हाय, आता काय जाते!" पण पितळेचा गुंड चिंचेनं घासून लख्ख करणाऱ्याही त्याच, त्यामुळे आंबटाचं काम त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

लिटरभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा, एवढंच माप. उकळतं पाणी घेऊ नका. उकळत्यात चुना आणि लिंबूसत्व मिळून वेगळीच पांढरी साय धरते, ती काढायला पुन्हा मेहनत. स्टीलच्या भांड्यात हे पाणी अर्धा तास ठेवायचं, घासणी फिरवायची, धुवायचं. नळाच्या तोंडाला यातच भिजवलेलं फडकं गुंडाळायचं आणि तासाभराने जुन्या ब्रशने घासायचं. चकचकीत मुलामा असलेल्या नळाला रात्रभर बांधून ठेवू नका, मुलामा खराब होतो.

सगळ्यात जास्त फरक पाणी तापवायच्या रॉडला पडला. थंडीत त्याच्या वेटोळ्यावर बोटभर जाड खपली चढते आणि रॉड आतून जास्त तापतो, कारण उष्णता आधी त्या थरातून बाहेर यायला हवी. रॉडची पिन काढायची, रॉड पूर्ण थंड होऊ द्यायचा आणि फक्त वेटोळं बुडेल इतकं लिंबूसत्वाचं पाणी प्लास्टिकच्या बादलीत घ्यायचं. बुडवल्याबरोबर बारीक बुडबुडे सुटतात, मग खपलीच्या कडा सुटतात, आणि थोड्या वेळानं तिचे तुकडे बादलीच्या तळाशी पडू लागतात. आमच्या पोराला ते बघायचा छंदच लागला होता. नंतर साध्या पाण्यानं धुवायचं आणि रॉड पूर्ण वाळल्याशिवाय पिन लावायची नाही.

उन्हाळ्यात कूलर. इथे थोडं सविस्तर सांगते, कारण विदर्भात कूलर बंद पडला की घरात कोणाचंच डोकं ठिकाणावर राहत नाही. कूलरमधलं पाणी उडतं, क्षार मात्र टाकीतच राहतात. वरून पुन्हा बोअरचं पाणी टाकलं की दर दिवशी पाणी जास्त जास्त खारट होत जातं. म्हणून नुसतं भरत राहू नका, आठवड्यातून एकदा तरी टाकी पूर्ण रिकामी करा. आशाताई डासांसाठी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात, त्यातच हे काम होऊन जातं. टाकीतली पाणी चढवणारी छोटी मोटर आणि पाण्याची बारीक नळी काढून बादलीत लिंबूसत्वात घालायची, भोकं मोकळी होतात. पत्र्याच्या टाकीत मात्र लिंबूसत्व ओतू नये. पत्र्यावरचा जस्ताचा थर ते खातं आणि पुढच्या वर्षी गंज लागतो. भुशाच्या ताट्यांवर मेहनत घेऊ नका, त्या दरवर्षी नव्याच टाकाव्यात. मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीचे पॅड असतील तर भिजवून बऱ्यापैकी साफ होतात, नव्यासारखे होत नाहीत.

जमिनीला लिंबूसत्व अजिबात नको. शहाबादी आणि कोटा या दोन्ही फरश्या चुनखडीच्याच. उरलेला तुकडा असेल तर त्यावर चार थेंब टाकून बघा. फसफसलं की समजा थराबरोबर फरशीही विरघळतेय. चकाकी एकदा गेली की पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागतं.

आता सोडा. धुण्याचा सोडा आणि खायचा सोडा वेगळे, दुकानदाराला नीट सांगून घ्या. बादलीभर बोअरच्या पाण्यात चमचा-दीड चमचा धुण्याचा सोडा आधी घालायचा, थोडं थांबायचं, मग साबण किंवा पावडर. पाण्यातला चुना सोड्याशी बांधला जाऊन पांढरट गढूळपणा दिसतो आणि साबण शेवटी फेस धरतो. पावडर कमी लागते, पांढरे सदरे राखाडी पडणं बरंच थांबलं. गॅसच्या शेगडीवरचा चिकट थर आणि खिडकीच्या जाळीचा मेणचटपणाही गरम सोड्याच्या पाण्यानं निघतो. पण ॲल्युमिनियमची कढई यात टाकली तर काळी पडते, रेशमी साडी खराब होते, आणि हात कोरडे पडतात. माझ्या बोटांना भेगा पडायला लागल्यावर मी हातमोजे घेतले. रेशमासाठी रिठेच बरे, जड पाण्यातही त्यांचा फेस होतो.

सोड्याने जडपणा कमी होतो, खारटपणा जात नाही. पाणी चवीला तसंच राहतं आणि केसांचं जे व्हायचं ते होतंच.

जे टिकले नाहीत ते थोडक्यात. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा नुस्खा सगळ्यात जास्त फिरतो. फेस बघायला मजा येते, पण आंबट आणि सोडा एकमेकांना मारतात आणि खाली जवळपास निव्वळ खारट पाणी उरतं. शिवाय आमच्या गावच्या किराण्यात व्हिनेगर मागितलं तर चायनीजच्या गाडीकडे बोट दाखवतात. दुसरा सल्ला आरओचं वाया जाणारं पाणी भांड्यांना वापरायचा. शहरात ठीक असेल, आपल्याकडे त्या पाण्यात क्षार आणखी दाटलेले असतात, डाग वाढतात. तुरटीने पावसाळ्यातलं गढूळ पाणी निवळतं, जंतू मरत नाहीत, म्हणून उकळणं चुकत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. ग्रामपंचायतीचा माणूस पाण्याच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकतो, तीच काही जणी संडासातही टाकतात. तिच्यावर लिंबूसत्व किंवा संडासाचं ॲसिड कधीही पडू देऊ नका. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद संडासात श्वास कोंडतो. एक वापरलं की भरपूर पाणी ओतून दुसरं दुसऱ्या दिवशी.

लिंबूसत्व किराण्यात सुटं मिळतं, संडासाच्या एका बाटलीच्या पैशात महिनोन्महिने पुरतं. पावसाळ्यात ओल धरून त्याचा गोळा होतो, पण गुण जात नाही, चमच्याने फोडून वापरा. डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि तो स्वयंपाकघरातल्या मीठ-साखरेच्या फळीवर ठेवू नका. आमचा साबणाच्या फळीवर, धुण्याच्या सोड्यापासून हातभर लांब असतो.