मिनी पीसी आणि नीना: अंगणातल्या अ‍ॅस्ट्रोफोटोग्राफीला एवढं पुरतं का?

अ‍ॅस्ट्रोफोटोग्राफीला, म्हणजे दुर्बिणीतून आकाशाचे फोटो काढायला, कुठला कॉम्प्युटर घेऊ असं कुणी विचारलं की लोक लगेच आय सेव्हन, ग्राफिक्स कार्ड वगैरे सुरू करतात, आणि बाहेर अंगणात त्याची काडीची गरज नसते. दुर्बिणीशेजारचा कॉम्प्युटर नीना नावाच्या सॉफ्टवेअरवरून रात्रभर करतो काय, तर माउंटला (दुर्बीण फिरवणाऱ्या मोटरवाल्या स्टँडला) वळायला सांगतो, दोन-तीन मिनिटांनी कॅमेऱ्यातून एक फ्रेम उतरवून घेतो आणि माउंट नीट फिरतोय का ते बघायला लावलेल्या दुसऱ्या छोट्या गायड कॅमेऱ्यातल्या ताऱ्यांवर नजर ठेवतो. बस. फक्त मध्येच डुलकी मारायची नाही ही एकच अट, आणि नेमकी तीच बरेच लॅपटॉप पाळत नाहीत.

म्हणून मी इंटेल एन 100 प्रोसेसरचा मिनी पीसी घेतला, 16 जीबी रॅम आणि 512 जीबी एसएसडी वाला. चिपचं रेटिंग 6 वॉटचं आहे, पूर्ण डबा त्यापेक्षा जास्त खातो पण तरी लॅपटॉपच्या मानाने काहीच नाही, आणि मुख्य म्हणजे हा 12 व्होल्टवर चालतो त्यामुळे माउंट, ड्यू हीटर (लेन्सवर दव साचू न देणारा) आणि पीसी सगळे एकाच सप्लायवर. घेताना हे नक्की बघा कारण काही मॉडेल 19 व्होल्टची असतात, मग वेगळा कन्व्हर्टर आला. वेल्क्रोने दुर्बिणीच्या ट्यूबवरच बसवलाय, खाली जमिनीपर्यंत एकच वायर येते, सगळ्या यूएसबी केबल वीतभर लांबीच्या. माउंट फिरताना केबल अडकायचं टेन्शनच गेलं.

स्पीड पुरतो का? आरामात. 26 मेगापिक्सेल कॅमेऱ्याची 16 बिट फ्रेम साधारण 52 एमबीची होते, दोन मिनिटांच्या फ्रेम घेतल्या तर तासाला दीड जीबी, म्हणजे हिवाळ्यातली लांबलचक रात्र जरी धरली तरी डिस्कला काही वाटत नाही.

आता खरी मेहनत विंडोजला शिस्त लावण्यात आहे. डबा उघडून तसाच वापरलात तर पहिल्याच रात्री शिव्या घालाल. स्लीप बंद, पॉवर ऑप्शनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, वर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन प्रत्येक यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली टिक काढा, कारण विंडोजला वाटतं हे पोर्ट रिकामं बसलंय, झोपवू याला, आणि तिकडे कॅमेरा गायब. अपडेट पॉज करा. बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू व्हायचा पर्याय असतो तो लावा. विंडोज प्रोच घ्या, होममध्ये रिमोट डेस्कटॉपने मशीनमध्ये शिरता येत नाही. आणि अंगणात घरचं वायफाय पोचत नसेल तर पीसीचाच हॉटस्पॉट चालू करायचा, पण तो 5 गिगाहर्ट्झवर ठेवा, यूएसबी 3 च्या केबल 2.4 मध्ये गोंधळ घालतात.

माझ्या सेटअपमध्ये सगळ्यात जास्त त्रास पीसीने दिलाच नाही, दिला तो एका स्वस्तातल्या यूएसबी हबने. थंडी वाढली की गायड कॅमेरा डिस्कनेक्ट, परत कनेक्ट, परत डिस्कनेक्ट, आणि प्रत्येक वेळी ड्रायव्हरवर संशय. हब काढून गायड कॅमेरा थेट पीसीत लावला, विषय संपला.

सॉफ्टवेअर म्हणाल तर नीना. फुकट, ओपन सोर्स, आणि पैसे देऊन घेतलेल्या बऱ्याच गोष्टींपेक्षा भारी. फक्त विंडोजवर चालतं, आणि माउंट, फोकसर वगैरे उपकरणं अ‍ॅस्कॉम (खगोल उपकरणांसाठीचं सामाईक स्टँडर्ड) ड्रायव्हरने जोडायची, बरेच कॅमेरे थेटही जोडता येतात. मला यातलं सगळ्यात आवडतं ते प्लेट सॉल्व्हिंग, देवयानी दीर्घिका निवडली की माउंट तिकडे वळतो, कॅमेरा एक फोटो घेतो, अ‍ॅस्टॅप नावाचं सॉफ्टवेअर त्यातले तारे ओळखून सांगतं की आपण नक्की कुठे बघतोय, आणि नीना माउंटला थोडं थोडं सरकवत दीर्घिका फ्रेमच्या बरोब्बर मध्ये आणतं. फाइंडरमधून (दुर्बिणीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीतून) मान वाकडी करून शोधणं बंद. ऑटोफोकसला मोटरवाला फोकसर लागतो, पण तो असेल तर ताऱ्यांचा आकार कमी कमी होत जाऊन परत वाढतो तो इंग्रजी व्हीसारखा ग्राफ बघायला मजा येते, आणि तापमान उतरलं की परत फोकस कर असा ट्रिगर लावून ठेवता येतो. मेरिडियन फ्लिपही (लक्ष्य डोक्यावरून पलीकडे गेलं की माउंटने दुर्बीण दुसऱ्या बाजूला पालटणं) आपोआप. रात्रीच्या कामांची यादी लावायचा सिक्वेन्सर मात्र नवख्या माणसाला घाबरवतो, इतकी बटणं आहेत की पहिल्यांदा ढगाळ रात्री घरात बसूनच सिम्युलेटर कॅमेऱ्यावर सराव केलेला बरा.

गायडिंगला, म्हणजे तारा बघून माउंटची चूक सतत सुधारत राहायला, पीएचडी टू हे सॉफ्टवेअर, तेही फुकट, त्यावर फार बोलायची गरज नाही. एवढंच की त्यातला चुकीचा ग्राफ सपाट दिसावा म्हणून सेटिंगशी झगडत बसू नका. 400 मिमी फोकल लेंथ आणि 3.76 मायक्रॉनचा पिक्सेल असेल तर एक पिक्सेल जवळजवळ दोन आर्कसेकंदांचा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) होतो, मग एकूण एरर एक आर्कसेकंदाच्या खाली असली की तारे गोलच येणार.

ज्यांना विंडोजशी हे सगळं भांडण नकोच आहे त्यांच्यासाठी झेडडब्ल्यूओ कंपनीचा एएसआयएअर हा तयार कंट्रोलर आहे, टॅबलेटवरून चालतो, खरंच सोपा आहे, पण खगोल कॅमेरे त्यात त्याच कंपनीचे लागतात, दुसऱ्या कंपनीचा खगोल कॅमेरा आधीच असेल तर उपयोग नाही. लिनक्सवाल्यांना रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर केस्टार्स आणि एकोस ही सॉफ्टवेअर आहेत, चांगली आहेत, पण कमांड लाइनची भीती नसलेल्यांनीच जावं.

आणि स्टॅकिंग, म्हणजे सगळ्या फ्रेम एकत्र करून एक फोटो बनवणं, या डब्यावर करू नका. स्टॅकिंगचं सिरिल हे सॉफ्टवेअर त्यावर चालतं, पण शंभरेक फ्रेम रजिस्टर करायला (तारे जुळवून एकावर एक बसवायला) लावल्या की जेवून आलात तरी चालूच असेल. तगडा प्रोसेसर, 32 जीबी रॅम आणि भरपूर रिकामी एसएसडी घ्यायची तर ती घरातल्या मशीनला घ्या. फाईल्स वायफायवरून ओढायच्या भानगडीतही पडू नका, मी सकाळी डबा काढून आत आणतो, लॅन केबल लावतो, चहा होईपर्यंत सगळं कॉपी झालेलं असतं.