आर्को दिव्याच्या नावाखाली झालेली माझी फसवणूक

नोकरीनिमित्त आम्ही मिलानमध्ये भाड्याच्या घरात राहतो. जेवणाच्या टेबलावर छतातून लोंबणारा दिवा हवा होता, परंतु छताला भोक पाडण्यास घरमालकांची परवानगी नव्हती. अकिल्ले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या बंधूंनी १९६२ साली फ्लोस या कंपनीसाठी ‘आर्को’ हा दिवा घडवला, तो नेमक्या याच अडचणीवर तोडगा म्हणून. संगमरवराच्या जड ठोकळ्यातून पोलादाची कमान उठते आणि सुमारे दोन मीटर पुढे येऊन टेबलावर प्रकाश टाकते; ठोकळा आणि टेबल यांच्यामधून माणूस ताटे घेऊन सहज जाऊ शकतो. एका सहकाऱ्याच्या घरी हा दिवा पाहिल्यापासून तो माझ्या मनात घर करून होता.

नवा आर्को आमच्या आवाक्याबाहेरचा असल्यामुळे जुन्या वस्तूंच्या जाहिरातींमध्ये मी त्याचा शोध घेत होते. ‘अस्सल आर्को, १९७० च्या दशकातील, वडिलांच्या घरातला’ अशी जाहिरात दिसली. किंमत ९०० युरो होती. विक्रेता अत्यंत सौजन्याने बोलला, वडिलांच्या आठवणी सांगितल्या आणि दुसरा ग्राहक संध्याकाळी येणार असल्याचे सांगून ४०० युरो आगाऊ मागितले. मी ते लगेच पाठवले. आर्कोच्या नकला होतात हे मला ठाऊक नव्हते असे नाही. अशाच एका नकलेचा वाद युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेला होता आणि २०११ साली त्यावर निकालही लागला होता. तरीही समोरचा माणूस वडिलांविषयी बोलत असताना ही नक्कल तर नाही ना, हे विचारणे मला अप्रशस्त वाटले.

तो स्वतः दिवा घेऊन आला, जोडून दिला, उरलेली रक्कम रोख घेतली आणि एका कागदावर माझी सही घेतली. दिवा पेटल्याच्या आनंदात मी तो कागद वाचलाच नाही.

संशय आला तो आठवडाभराने, घराची साफसफाई करताना. मूळ ठोकळा कारारा येथील पांढऱ्या संगमरवराचा असून त्याचे वजन सुमारे ६५ किलो असते, आणि त्यात आरपार भोक ठेवलेले असते ते दोघांनी झाडूचा दांडा घालून उचलता यावे म्हणून. आम्ही दांडा घातला आणि ठोकळा इतक्या सहज वर आला की माझे यजमान तोल जाऊन भिंतीवर आदळले. वजनकाट्यावर तो अवघा ३४ किलो भरला. मग मी खाली बसून दगड नीट पाहिला. खऱ्या दगडातली शीर एका बाजूवरून कडा ओलांडून शेजारच्या बाजूवर उतरते. इथे करड्या रेषा प्रत्येक कडेपाशी येऊन थांबत होत्या, म्हणजे त्या केवळ वरवर उमटवलेल्या होत्या. दिव्याचे मूळ छत्र ॲल्युमिनियमचे असते, त्याला चुंबक चिकटूच शकत नाही. आमच्या छत्राला फ्रिजवरचे चुंबक चटकन चिकटले. ही तपासणी पैसे देण्यापूर्वी दोन मिनिटांत झाली असती, याचे मला आजही वाईट वाटते.

खरी भीती तर त्यानंतर वाटली. इलेक्ट्रिशियनने वायरिंग उघडून दाखवले तेव्हा अर्थिंगची तार धातूला जोडलेलीच नव्हती. कमान पूर्ण बाहेर ओढली की हलका ठोकळा डुलत असे, आणि त्याखाली आमची चार वर्षांची मुलगी जेवायला बसत होती.

सही केलेला कागद मी त्या दिवशी प्रथमच वाचला. त्यावर ‘आर्को’ नव्हे, तर ‘तिपो आर्को’, म्हणजे ‘आर्कोसारखा’ दिवा, असे लिहिलेले होते. जाहिरात तोवर काढून टाकण्यात आली होती आणि मी तिचा स्क्रीनशॉट घेतलेला नव्हता. विक्रेत्याचा फोन बंद आहे. पोलिसांनी तक्रार नोंदवून घेतली, मात्र जाहिरातीतला मजकूर काय होता याचा पुरावा आधी आणा, असे सांगितले.

गेल्या आठवड्यात पहिल्या जाहिरातीतल्या त्याच खिडकीसमोर काढलेले दिव्याचे छायाचित्र दुसऱ्या नावाने पुन्हा विक्रीला आलेले दिसले. या वेळी तो दिवा काकांच्या घरातला होता. मी तारखेसह स्क्रीनशॉट घेऊन तो तक्रारीला जोडला आहे.