चॅटनूगात घर बघताय? कुठे गजबज, कुठे सामसूम, तीन घरं बदललेल्या माणसाचा रिव्ह्यू

आमच्या ग्रुपवर परत तोच प्रश्न आला, "चॅटनूगाला जातोय, घर कुठे बघू?" फोक्सवॅगनचा प्लांट चाकणलाय तसा अमेरिकेत टेनेसीतल्या चॅटनूगालाही २०११ पासून आहे, त्यामुळे आपल्याकडचं कोणी ना कोणी तिकडे पोचतंच. तर एकदाच लिहून टाकतो. दीड वर्ष काढलं तिथं, तीन घरं बदलली, तिसऱ्या वेळी बायको म्हणाली आता भांडी खोक्यातच राहू देत.

लोकसंख्या २०२० ला १ लाख ८१ हजार, म्हणजे बार्शीच्या दीडपट धरा. पसारा मात्र साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या वर. एवढ्या जागेत एवढीच माणसं पसरली की काय होणार ते आलंच लक्षात.

पहिलं घर घेतलं ईस्ट ब्रेनर्डला. सगळे तेच सांगतात कारण हॅमिल्टन प्लेस मॉल जवळ, इंडियन ग्रोसरी जवळ, प्लांटही फार लांब नाही, आणि खरंच सोयीचं आहे, खोटं कशाला बोलू. पण शांतता म्हणजे किती? जेवण झाल्यावर शतपावलीला बाहेर पडलो, फूटपाथ दोनशे पावलांवर संपला, मग गवतातून चालतोय तर एक पिकअप थांबली, आतले काका काच खाली करून विचारतायत, "गाडी बंद पडली का तुझी?" म्हटलं नाही हो, चालतोय. त्यांना काही ते पटलं नाही. आठवडाभर हे असं आणि शनिवारी सकाळी आठला मात्र पानं उडवायची मशीनं एकदम चारही बाजूंनी सुरू, आठवड्याचा सगळा आवाज दोन तासांत वसूल. लहान पोरं असतील, स्वतःच्या दोन गाड्या असतील तर घ्या खुशाल. एकटे असाल तर वेड लागेल.

मग उलट्या टोकाला गेलो, साउथसाइड. मेन स्ट्रीट, बेकऱ्या, आणि जुनं रेल्वे स्टेशन म्हणजे फेमस चू चू, १९०९ चं. पॅसेंजर गाड्या १९७० लाच बंद झाल्या, आता तिथं हॉटेल वगैरे आहे. त्याला लागूनच स्टेशन स्ट्रीट, तिथे शुक्रवार-शनिवार रात्री गाणी, बार, रस्त्यात माणसं, जत्राच. रविवारी मोठ्या मांडवाखाली बाजार भरतो, भाजी, मध, साबण, सगळं, आणि फिनली स्टेडियमला फुटबॉल असला की ढोल वाजतात तेव्हा मला गणपतीच आठवायचे. आवडलं खूप, पण झोप नाही. खालच्या बारचा धबधब आवाज जमिनीतून यायचा, बिल्डिंगच्या ऑफिसात तक्रार केली की गोड ईमेल यायची, बस. आणि पॅसेंजर गाड्या गेल्या तरी मालगाड्या आहेतच, रात्री दोनला भोंगा वाजवतात तो थेट उशीत. गंमत म्हणजे मंगळवारी त्याच रस्त्यावर संध्याकाळी सातला कुत्रंसुद्धा नसतं. म्हणजे गजबज आहे, पण वार बघून.

डाउनटाउनचं तर विचारूच नका, ऑफिसं सुटली की शटर डाउन. तरी पूर्वीपेक्षा लाखपट बरं म्हणतात, १९६९ ला अख्ख्या अमेरिकेत सगळ्यात घाण हवा इथली ठरली होती. मग १९९२ ला ॲक्वेरियम आलं, त्याच वर्षी चू चूपासून तिथपर्यंत फुकट इलेक्ट्रिक शटल. त्या शटलला माझ्याकडून पाच पैकी पाच. ड्रायव्हरबाई तिसऱ्या दिवशी ओळखायला लागल्या, "आज उशीर झाला?" आपल्या पुण्याच्या पीएमटी बसमध्ये हे सुख नाही.

नदीपलीकडचं नॉर्थ शोर सगळ्यात जिवंत. घर परवडलं नाही म्हणून राहिलो नाही, पण दर शनिवारी तिकडेच. वॉलनट स्ट्रीटचा निळा लोखंडी पूल १८९१ चा, १९७८ ला गाड्या बंद केल्या आणि १९९३ ला फक्त चालणाऱ्यांसाठी उघडला, २,३७६ फूट. पुण्यात झेड ब्रिजवर जशी पोरं बसतात तसंच वातावरण, फक्त दुचाक्या नाहीत. पलीकडे फ्रेझर ॲव्हेन्यूच्या फूटपाथवर पितळी पावलं बसवलीयेत, नाचाच्या स्टेप्स, त्यावर पाय ठेवत जायचं. एक साठीचं जोडपं हातात आइस्क्रीमचे कोन घेऊन तिथं वॉल्ट्झ करताना बघितलं, काकांचा एक कोन पडला, काकू थांबल्या नाहीत.

शेवटी टिकलो कुठे तर सेंट एल्मोला. लुकआउट डोंगराच्या पायथ्याशी जुनी लाकडी घरं, १८९५ पासून डोंगर चढणारी छोटी रेल्वे, दिवसा तिच्यासाठी टुरिस्ट, संध्याकाळी ते गेले की आपली माणसं ओट्यावर. हो, ओटाच, ते पोर्च म्हणतात. शेजारच्या आजी हाक मारून टोमॅटो द्यायच्या आणि मग वीस मिनिटं सोडायच्या नाहीत. मला हाच आवाज हवा होता. साडेनऊनंतर मात्र शुकशुकाट, दूध संपलं तर गाडी काढा.

भाडं ठरवायच्या आधी एक करा, फोटोंवर जाऊ नका. एकदा मंगळवारी सातला आणि एकदा शनिवारी रात्री त्या गल्लीत गाडी लावा, काच खाली करा आणि एक मालगाडी जाईपर्यंत बसून रहा.