व्हर्टसला खऱ्या कार्बन फायबरचे मिरर कॅप आणि डिकी स्पॉयलर : रोजच्या गाडीला काय लावावं, काय नाही

गाडी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी प्लस, रंग पांढरा, रोजचं ऑफिस आणि महिन्यातून एखाद-दोनदा एक्सप्रेसवेने मुंबई. आरशांचे कव्हर आणि डिकीवरचा स्पॉयलर हिला कंपनीकडूनच काळे येतात, त्यामुळे तिथे कार्बन लावला की उगाच चिकटवल्यासारखं दिसत नाही, मूळचंच असल्यासारखं वाटतं. उन्हाळा आणि अख्खा पावसाळा काढून झाला, म्हणून आता लिहितोय, कारण नवीन असताना काहीही चकाकतं, त्यावर रिव्ह्यू लिहिण्यात अर्थ नाही.

आधी हे सांगतो की वजन कमी होईल, गाडी पळेल म्हणून घेणार असाल तर पैसे ठेवा खिशात. आरशाच्या कव्हरमध्ये वाचून किती वाचणार, काही ग्रॅम! १९८१ साली मॅक्लारेनने फॉर्म्युला वनची अख्खी चासी कार्बनची केली तेव्हा वजन आणि मजबुती दोन्हीत मोठा फरक पडला, आपल्याकडे तो विषय नाही. आपण दिसण्यासाठी घेतोय आणि त्यात काही वाईट नाही, मला रोज सकाळी पार्किंगमध्ये उन्हात ती कार्बनच्या धाग्यांची वीण चमकताना बघायला मनापासून आवडते. पण मग दिसणं टिकलं पाहिजे, आणि टिकणं सगळं वरच्या क्लिअर कोटवर, म्हणजे पारदर्शक लेपावर, अवलंबून असतं. कार्बनच्या धाग्याला ऊन काही करत नाही, पण त्याला धरून ठेवणारं इपॉक्सी रेझिन उन्हाने पिवळं पडतं, मग पांढुरकं होतं. वर यूव्ही (उन्हातले अतिनील किरण) थांबवणारा चांगला क्लिअर कोट नसेल तर आपल्याकडचा एप्रिल-मे त्याला पुरून उरतो.

पुण्यातल्या एका दुकानात मला 'साहेब एकदम ओरिजिनल कार्बन' म्हणून जे दाखवलं ते प्लॅस्टिकवर छापलेलं डिझाइन होतं. ओळखायचं कसं तर पार्ट हातात घेऊन उजेडात हळूहळू तिरपा करायचा, खऱ्या कार्बनची एक पट्टी उजळते तेव्हा शेजारची काळी पडते आणि कोन बदलला की उलट होतं, छापलेल्यात तो खेळच नसतो, सगळं एकदम चमकतं. दुसरं म्हणजे मागची बाजू बघायचीच. बऱ्याच पार्टमध्ये वर कार्बनचा एकच थर आणि खाली फायबर ग्लास असतो, ते चालतं, रोजच्या गाडीला मुद्दाम प्रीप्रेग-ऑटोक्लेव्हवालं (आधीच रेझिन मुरवलेलं कापड दाबाच्या भट्टीत भाजून केलेलं) महागडं ड्राय कार्बन घ्यायची गरज नाही, फक्त त्या भावात हे विकत नाहीत ना एवढं बघा. आणि तिसरी गोष्ट, जी फार कमी लोक बघतात: दोन्ही कॅप शेजारी ठेवा. विणीच्या तिरप्या रेघा डाव्या-उजव्या एकमेकींच्या उलट, आरशात बघितल्यासारख्या जायला हव्यात. स्वस्तातल्या जोडीत दोन्हीकडे एकाच दिशेला जातात आणि एकदा का ते दिसलं की मग रोज दिसतं. कडांवर बोट फिरवा, क्लिअर कोट सगळ्यात पातळ तिथेच असतो, आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर पार्ट परत करा, पाणी तिथूनच शिरतं.

कॅपमध्ये दोन प्रकार मिळतात, मूळ कव्हरवर टेपने चिकटवायचे आणि मूळ कव्हर काढून क्लिपमध्ये बसवायचे. मी क्लिपवाले घेतले, जोडीचे दहा हजारांच्या आत-बाहेर गेले. चिकटवायचे स्वस्त पडतात पण आरसा थोडा जाड होतो आणि मधल्या फटीत पावसाचं पाणी आणि चिखल साचतो, गाडी धुऊन अर्ध्या तासाने तिथून काळा ओघळ येतो. फिटिंगला क्लिपवाल्यांनी जरा त्रास दिला, डाव्या बाजूची एक क्लिप थोडी घासून बसवावी लागली, पण बसल्यावर फट एकसारखी आहे आणि हायवेला शिट्टी वगैरे अजिबात वाजत नाही.

स्पॉयलर मात्र टेपवरच आहे, थ्रीएमच्या व्हीएचबी या दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर. ही टेप जबरदस्त आहे पण तिला वेळ द्यावा लागतो, पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. फिटिंगवाला 'संध्याकाळी धुवा, काही होत नाही' म्हणाला तरी धुवू नका. खालची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यायची, मेणाचा किंवा सिरॅमिक कोटिंगचा अंश राहिला की टेप धरत नाही. हे काम भर पावसाळ्यात काढूच नका.

आता काय लावायचं नाही ते. पुढचा लिप (बंपरच्या खाली लावायची पट्टी) खऱ्या कार्बनचा घेऊ नका, हे मी कळकळीने सांगतोय. आपले स्पीडब्रेकर कोणत्याही मापात बसत नाहीत आणि कार्बन घासला की वाकत नाही, फाटतो आणि त्याच्या कडेची कुसळं हातात घुसतात. लिप हवाच असेल तर लवचिक पीयूचा (पॉलियुरेथेन) किंवा साधा एबीएस प्लॅस्टिकचा घ्या, काळा ग्लॉसी, तुटला तर बदलला. छतावरच्या शार्क फिन अँटेनावरही खरा कार्बन नको, कार्बन वीज वाहून नेतो त्यामुळे सिग्नल अडतो, तिथे छापील प्लॅस्टिकच बरं. मागच्या डिफ्यूझरचं (मागच्या बंपरखालचा भाग) मी अजून ठरवलेलं नाही, पार्किंगच्या बुटक्या कठड्यांना तो आधी लागणार हे दिसतंच आहे.

इतके महिने झाल्यावर आज परिस्थिती अशी आहे की पिवळेपणा नाही, आरशांच्या पुढच्या बाजूला मी लगेच पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) लावून घेतली होती आणि ती लावलीच पाहिजे, एक्सप्रेसवेला पुढच्या ट्रकमधून उडालेल्या खडीची खूण फिल्मवर आहे, कार्बनवर नाही. स्पॉयलरवर फिल्म नाही आणि तिथे बारीक गोल ओरखडे दिसायला लागलेत. सोसायटीत गाड्या पुसायला येणारे काका सगळ्यांच्या गाड्या एकाच ओल्या फडक्याने पुसतात, त्यांना मी दोन मायक्रोफायबर देऊन सांगितलं की काका, हे दोन काळे भाग पाणी मारल्याशिवाय पुसू नका, तेव्हापासून बरं आहे. टँकरच्या पाण्याचे डाग मात्र उन्हात वाळू दिले तर काळ्यावर लगेच उठतात.

स्पॉयलर आणि कॅप दोन्ही इन्शुरन्सच्या पॉलिसीत ॲक्सेसरी म्हणून नोंदवून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी त्यांचे पैसे मिळत नाहीत, आणि त्यासाठी पक्कं बिल लागतं. बिलावर क्लिअर कोट पिवळा पडण्याची वॉरंटी किती ते दुकानदाराच्या हातून लिहून घ्या. जो लिहून द्यायला तयार होत नाही त्याच्याकडून हा माल घेऊ नका. मी कॅपना पाचपैकी साडेचार देईन, स्पॉयलरला चार.