मानवी वर्तनाचं डेटा सायन्स (एमएस): दहा महिन्यांनंतरचा अनुभव, म्हणजे मुख्यतः एका ॲपची तक्रार

विषय कोणते, क्रेडिट किती हे वेबसाइटवर आहेच, ते परत लिहीत नाही. सोळा महिन्यांचा कोर्स, अमेरिकेच्या मिडवेस्टातलं विद्यापीठ, विभाग मानसशास्त्राचा पण दिवसभर समोर आर (आकडेमोडीची प्रोग्रॅमिंग भाषा) उघडलेलं. प्रोफेशनल मास्टर्स, त्यामुळे टीएशिप (शिकवण्यात मदत करून मिळणारा पगार, फीमाफी) वगैरे विसरा. फी पूर्ण स्वतःची, म्हणजे माझ्या बाबतीत सांगलीचं घर तारण ठेवून काढलेल्या कर्जाची. हा रिव्ह्यू मी मार्चमध्येच लिहायला घेतला होता आणि तेव्हा दोन स्टार देणार होते.

झालं असं की दुसऱ्या सेमिस्टरला प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष संशोधनाचा सराव असतो. लोकांकडून डेटा मागण्याआधी स्वतः दोन आठवडे सहभागी होऊन बघायचं. पद्धतीचं नाव ईएमए, म्हणजे इकॉलॉजिकल मोमेंटरी असेसमेंट. माणसाला शनिवारी ‘आठवडा कसा गेला’ विचारलं तर तो आठवेल तेवढं जोडून काहीतरी सांगतो. म्हणून दिवसातून पाचदा, आधी वेळ न सांगता, ॲपने फोन वाजवायचा (याला पिंग म्हणतात) आणि त्याच क्षणाचं विचारायचं: मन कसं आहे, 1 ते 7; एकटे आहात की कोणाबरोबर; शेवटचं कधी खाल्लंत. व्यसनमुक्ती आणि नैराश्यावरच्या संशोधनात हे सर्रास वापरतात. पुण्यात मी एका कर्ज देणाऱ्या ॲपसाठी लोकांना ईएमआयचे रिमाइंडर पाठवायचे, आता ईएमएचे मला यायला लागले. केलेलं असं फेडावं लागतं. आईला सांगितलं तर म्हणाली, “अगं, दर तीन तासांनी ‘कशी आहेस’ विचारायला एवढे पैसे भरलेस? मी फुकट विचारते, तेव्हा फोन उचलत नाहीस.”

तर 14 दिवस, रोज 5, एकूण 70 पिंग. 80 टक्क्यांपेक्षा कमी उत्तरं दिली तर गुण कापतात. माझे भरले 56 टक्के.

मी आळसाने एकही पिंग सोडलेला नाही. दोन हुकले, दोन्ही वेळा फेब्रुवारीच्या बर्फात बसस्टॉपवर उभी होते आणि हातमोजे काढायची हिंमत नव्हती. बाकीचे वाजलेच नाहीत. हे मी छातीठोक सांगते कारण वाजलेल्या प्रत्येक पिंगची वेळ मी वहीत लिहिली होती. (आमचं किराणा दुकान होतं, वहीशिवाय आमचा कशावर विश्वास बसत नाही.) वहीत 41 नोंदी, दिलेली उत्तरं 39. म्हणजे आलेल्यांपैकी 95 टक्के. पण ॲप भागाकार करतं 70 ने, आणि न वाजलेला पिंग माझ्या नावावर मांडतं.

ॲपवाल्यांकडे तक्रारीचं तिकीट टाकलं. उत्तर आलं: नोटिफिकेशन चालू आहेत का बघा. होत्या. ॲप काढून परत टाका. टाकलं. वहीच्या पानांचे फोटो पाठवले. सहाव्या मेलला उत्तर: आमच्याकडे नीट चालतंय. त्यांच्याकडे म्हणजे आयफोनवर, हे मला सातव्या मेलला कळलं.

माझा फोन 9,499 रुपयांचा, निघायच्या आधी घेतलेला. अँड्रॉइडने 2015 मध्ये सहाव्या आवृत्तीपासून स्क्रीन बंद असताना ॲपना झोपवायला सुरुवात केली. त्यावर फोन कंपन्या आपापली बॅटरी-बचत चढवतात. रॅम कमी असली की मागे चालणाऱ्या ॲपचा गळा आणखी लवकर दाबला जातो. वर्गात आयफोनवाले सगळे नव्वदच्या वर होते. मी ‘अनियमित सहभागी’.

मार्चमधला मजकूर इथे संपत होता, शेवटी बरीच उद्गारचिन्हं होती.

मग एप्रिलमध्ये गहाळ डेटाचा तास आला. संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिनने 1976 मध्ये मांडलेली विभागणी: डेटा निव्वळ योगायोगाने गहाळ आहे, की तुमच्याकडे नोंद असलेल्या कशामुळे, की नोंदच नसलेल्या कशामुळे. तिसरं सगळ्यात घातक. मी हात वर करून विचारलं, “सर, माझा फोन यात कुठे बसतो?” (इथे नावाने हाक मारायची पद्धत आहे, माझ्या तोंडून सरच निघतं.) सर थांबले. तास संपल्यावर वही मागून घेतली आणि डेटाची फाइल उघडली. तीत फोनच्या मॉडेलचा रकानाच नव्हता! तो असता तर मी दुसऱ्या प्रकारात, म्हणजे हिशेबात धरता आले असते. नाही म्हणून तिसऱ्यात. आणि स्वस्त फोन असतो कोणाकडे? ज्याच्या हातात पैसा कमी, त्याचा वाईट दिवस या फाइलमध्ये दिसणारच नाही, आणि वर अहवालात तो बेफिकीर ठरणार.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुण्यात आम्ही ‘रिमाइंडरला प्रतिसाद नाही’ म्हणून ज्यांना लाल खूण करायचो, त्यातल्या किती जणांना तो रिमाइंडर पोचला होता? आम्ही कधी तपासलं नाही. मीही नाही.

बाकीचं थोडक्यात. संख्याशास्त्राचे दोन्ही पेपर वसूल. 2015 मध्ये मानसशास्त्रातले 100 प्रयोग पुन्हा करून पाहिले तेव्हा जेमतेम 36 टक्क्यांमध्ये ठोस निकाल परत मिळाला, हे पहिल्याच आठवड्यात तोंडावर मारतात. 2022 चा एक शोधनिबंध तर मी जुन्या बॉसला पाठवला: नियतकालिकांत छापून आलेल्या ‘नज’चा (सक्ती न करता वागणं बदलायला दिलेला हलका धक्का, जसा रिमाइंडर) परिणाम सरासरी 8.7 टक्के-बिंदू, सरकारी पथकांनी प्रत्यक्षात केलेल्या 126 प्रयोगांत 1.4. फरकाचं मोठं कारण, यशस्वी तेवढंच छापलं जातं. माझ्या रिमाइंडरने दीडच बिंदू फरक पडला म्हणून त्यांनी मला मीटिंगमध्ये झापलं होतं. त्यांचं उत्तर नाही. नीतिमत्तेला मात्र एकच तास. फेसबुकने 2012 मध्ये 6,89,003 लोकांच्या फीडमधल्या आनंदी किंवा दुःखी पोस्ट कमी करून बघितल्या, त्यावर पंचवीस मिनिटं आणि मग पिझ्झा.

पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा स्वतःच शिका, नोकरीच्या जाहिराती तेच मागतात. आणि मानसशास्त्र विभागाचा कोर्स असेल तर अर्जाआधी सीआयपी कोड (कोर्स कुठल्या विषयात मोडतो याचा अमेरिकी सरकारी क्रमांक) लेखी विचारून घ्या. तो स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित) यादीत असेल तर सध्याच्या नियमाने ओपीटीच्या, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावर काम करायच्या परवानगीच्या, 12 महिन्यांवर आणखी 24 मिळू शकतात, नसेल तर नाही. कर्जाचे हप्ते त्यावर आहेत, लाजू नका.

आता साडेतीन स्टार. उन्हाळ्याचा माझा प्रोजेक्ट हाच आहे: त्या ॲपमध्ये फोनचं मॉडेल आणि पिंग खरंच पोचला का याची नोंद घालायची. चाचणीसाठी लॅबला स्वस्त फोन हवा होता, तो माझाच वापरतात. कापलेले गुण अजून परत मिळालेले नाहीत, तिकीट उघडंच आहे.