न्यूजलेटरमधून गिऱ्हाईक आणून देतो म्हणणाऱ्यांपासून सांभाळा, माझे 48,480 रुपये गेले

काल आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर पापडवाल्या ताईंनी न्यूजलेटरमधून गिऱ्हाईक आणून देतो असा आलेला एक मेसेज टाकला, 'हे कसं आहे, कोणी केलंय का?' आणि तो वाचून माझ्या अंगाची आग झाली. मला जे सांगून फसवलं, शब्द न शब्द तेच, फक्त फोन नंबर वेगळा. म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितेय, घरातसुद्धा सगळ्यांना पूर्ण आकडा अजून सांगितलेला नाही.

मी नवी मुंबईत घरगुती मसाले करते, आगरी मसाला, गोडा मसाला, लाल तिखट. मिरची वाशी मार्केटची. माझी स्वतःची 640 गिऱ्हाइकांची ईमेल यादी आहे, महिन्याला एक पत्र जातं, खाली वेबसाइटची लिंक असते. म्हणजे मला यातलं काहीच कळत नव्हतं असं नाही, हे आधीच सांगते, कारण जो तो म्हणतो 'बघून नाही का करायचं'.

मार्चमध्ये, मसाल्याचा सीझन सुरू होताना, एका माणसाचा फोन आला. खाद्यप्रेमी मराठी लोकांचं न्यूजलेटर आहे, 42 हजार सबस्क्रायबर, ओपन रेट, म्हणजे पत्र उघडणाऱ्यांचं प्रमाण, 61 टक्के, त्यात तुमची लिंक टाकतो, लिंकवरच्या दर क्लिकला 12 रुपये. आधी ट्रायल घ्या मॅडम, 500 क्लिक, 6,000 रुपये. दोन दिवसांत 512 क्लिक दिसले आणि तीन ऑर्डरी आल्या, 1,140 रुपयांच्या. मग कोणाचा विश्वास बसणार नाही?

त्या तीन ऑर्डरींबद्दल विचार केला की आजही झोप लागत नाही. पार्सलांवर पत्ते मी माझ्या हाताने लिहिले. तिघांपैकी दोघांची बिल्डिंग एक, विंग एक, घणसोलीची, फ्लॅट 302 आणि 304. पेन हातात होतं तेव्हा क्षणभर थांबले होते मी, नाही असं नाही, पण मनात आलं शेजारणीने शेजारणीला सांगितलं असेल, आपल्याकडे मसाला असाच तर खपतो. तेव्हाच वेबसाइटच्या ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटवर कोण कुठून कधी आलं ते दिसतं तिथे, क्लिकची वेळ पहाटेची आणि शहर दिसत होतं ॲशबर्न. मी त्याला विचारलं, तो म्हणाला अमेरिकेतले मराठी लोक आहेत मॅडम, आपल्याकडे पहाटेचे तीन तेव्हा तिकडे संध्याकाळ. वेळ बरोबर होती, म्हणून मला पटलं. पण मी अमेरिकेत पार्सल पाठवतच नाही! क्लिक अमेरिकेतून आणि ऑर्डरी घणसोलीतून, हे दोन्ही शेजारी ठेवून मी एकदाही पाहिलं नाही.

मग 3,000 क्लिकचे 36,000, वर जीएसटी 6,480, एकूण 42,480 एका फटक्यात यूपीआयने. खातं कंपनीच्या नावाचं नाही, एका माणसाच्या नावाचं, आणि बिल 'मेल करतो' ते आजतागायत आलं नाही. जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर कोणालाही फुकट तपासता येतो, तो आधी मागा, नंतर बोला.

3,000 क्लिक आले, पहाटे 3:10 ते 3:24. चौदा मिनिटांत. ऑर्डर एकही नाही. भाच्याला दाखवलं तर तो म्हणाला आत्या, ॲशबर्न व्हर्जिनियात आहे, तिथे डेटा सेंटरं आहेत, म्हणजे नुसत्या कॉम्प्युटरने भरलेल्या इमारती, ही माणसं नाहीत. प्रत्येक भेटीचा वेळ शून्य सेकंद. आणि ते 61 टक्के? 2021 पासून ॲपलचं मेल ॲप पत्रातली चित्रं आधीच लोड करून ठेवतं, माणसाने पत्र उघडलं नाही तरी उघडलं म्हणून मोजलं जातं. कंपन्यांचे मेल तपासणारे सॉफ्टवेअर तर लिंकवर स्वतःच क्लिक करून बघतात. आकडा दाखवला म्हणून भुलू नका. माझ्या स्वतःच्या पत्रातून एप्रिलमध्ये 640 पैकी 38 जण साइटवर आले आणि 9 ऑर्डरी झाल्या. खरी माणसं एवढीच येतात हो!

पोलीस ठाण्यात तीनदा गेले. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या दिवशी दीड तास बाकावर बसवून सांगितलं ऑनलाइन तक्रार करा, ती मी आधीच केली होती, प्रिंटआउट हातात होतं. तिसऱ्यांदा काय ऐकावं, 'तुम्ही क्लिक विकत घेतले ना, क्लिक आले ना, मग फसवणूक कुठली? सिव्हिल मॅटर आहे.' अहो, मी माणसं विकत... म्हणजे गिऱ्हाईक यावं म्हणून पैसे दिले, मशीनने दार वाजवावं म्हणून नाही! उद्या कोणी चिरमुऱ्याच्या पोत्याला तांदूळ म्हणून विकलं तर पोतं मिळालं ना म्हणणार का? घणसोलीचा पत्ता दिला, चौकशीला कोणी गेलं नाही. बँकेत तर वाक्य ठरलेलंच, पिन तुम्हीच टाकलात. हो टाकला, खोटं बोलून टाकायला लावला म्हणून टाकला.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मी आठ दिवसांनी फोन केला, तुम्ही त्याच तासाला करा, पैसे खात्यात असेपर्यंतच अडवता येतात.

आणि पैसे द्यायच्या आधी त्या न्यूजलेटरचे स्वतः सबस्क्रायबर व्हा, महिनाभर अंक येतो का बघा. मी एकही अंक पाहिला नव्हता. लिंकला स्वतःची वेगळी खूण, यूटीएम म्हणतात ती, लावून द्या, म्हणजे कोण त्या लिंकवरून आलं ते कळतं. क्लिकवर पैसे देऊच नका, ऑर्डरवर कमिशन घे म्हणा, फोन कसा कट होतो बघा.

पापडवाल्या ताईंना काल रात्रीच फोन केला. ट्रायलचे 6,000 त्यांनी दुपारीच पाठवले होते. आज सकाळी दोघी मिळून 1930 ला फोन लावला, तक्रार नंबर मिळालाय.